निश्चित पराभवाची उमेदवारी

विधानसभेच्या निवडणुकीचे निकाल वृत्तपत्रांत छापून येतात, तेव्हा बहुतेक वाचक प्रत्येक मतदारसंघापुढील पहिली दोन नावे वाचून पुढे जातात. त्या नावांखाली आणखी आठ-दहा नावे असतात. कोणाला अकराशे, कोणाला तीनशे, तर कोणाला अवघी बावन्न मते पडलेली असतात. जागा अपुरी पडली की ही सारी नावे 'इतर' या एका शब्दात गुंडाळली जातात. या प्रकरणात आपल्याला या 'इतर' उमेदवारांचाच विचार करावयाचा आहे. आपण पडणार हे स्वतःला पक्के ठाऊक असूनही माणसे निवडणूक का लढवतात, कायदा त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो आणि त्यांच्या उभे राहण्याने इतरांच्या मताधिकारात काही भर पडते की नाही, हे प्रश्न वरवर वाटतात तितके किरकोळ नाहीत. निवडून येण्याचा हक्क कोणालाही नसतो. उभे राहण्याची मुभा मात्र असते आणि त्या मुभेची किंमत किती असावी याविषयी आपल्या देशात एकवाक्यता कधीच नव्हती.

प्रथम कायद्याची भूमिका पाहू. राज्य विधानसभेच्या उमेदवारासाठी संविधानाने आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याने घातलेल्या अटी थोड्या आहेत. तो भारताचा नागरिक असावा, त्याला वयाची २५ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि त्या राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असावे. ज्या जागेसाठी तो उभा आहे त्याच मतदारसंघात त्याचे नाव असले पाहिजे असे नाही. जागा राखीव असेल तर तो त्या वर्गातील असला पाहिजे. शिक्षणाची, मालमत्तेची किंवा कर भरण्याची अट नाही. ब्रिटिश अमदानीतील कायदेमंडळांसाठी मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता, हे लक्षात घेतले म्हणजे या साधेपणाचे मोल कळते.

तथापि, उभे राहण्याचा हा अधिकार मूलभूत हक्कांपैकी नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मद्रास विधानसभेसाठी नामक्कल मतदारसंघातून उमेदवारी अर्ज भरणाऱ्या एन. पी. पोन्नुस्वामी यांचा अर्ज छाननीत फेटाळला गेला. ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या जानेवारीत निर्णय दिला की मत देण्याचा किंवा उमेदवार म्हणून उभे राहण्याचा अधिकार हा कायद्याने निर्माण केलेला अधिकार आहे, आणि कायदा ज्या मर्यादा घालील त्यांच्या आतच तो उपभोगता येतो. शिवाय निवडणूक चालू असताना मध्येच न्यायालयाकडे धाव घेता येणार नाही. जी तक्रार असेल ती निकालानंतर निवडणूक अर्जाद्वारेच मांडावी लागेल. हा निर्णय आजही प्रमाण मानला जातो. ज्याचा अर्ज एखाद्या सहीच्या अभावी फेटाळला गेला, त्या सामान्य उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की या वेळची निवडणूक त्याच्यापुरती संपली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की अर्जासोबतच्या शपथपत्रातील रकाने कोरे ठेवले आणि सूचना देऊनही ते भरले नाहीत, तर अर्ज फेटाळता येतो. पक्षाच्या उमेदवाराजवळ अशा वेळी वकील बसलेला असतो. एकट्या उमेदवाराजवळ फार तर एखादा भाऊ किंवा मित्र असतो.

कायद्याने घातलेली खरी गाळणी म्हणजे अनामत रक्कम. १९५१ च्या कायद्यात ती विधानसभेसाठी २५० रुपये आणि लोकसभेसाठी ५०० रुपये होती. अनुसूचित जाती आणि जमातींच्या उमेदवारांना निम्मी रक्कम भरावी लागे. ही सवलत आजही आहे. जो उमेदवार निवडून येत नाही आणि ज्याला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळत नाहीत, त्याची अनामत रक्कम जप्त होते. उदाहरणार्थ, दीड लाख वैध मते पडली असतील तर अनामत वाचवण्यासाठी २५,००० हून अधिक मते हवीत. 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला पडलेली मते या हिशेबात धरली जात नाहीत. एक षष्ठांश हे प्रमाण ऐकायला लहान वाटते, पण तिरंगी लढतीत तिसऱ्या क्रमांकावरच्या बऱ्या पक्षालाही ते अनेकदा गाठता येत नाही. मग एकट्या उमेदवाराची काय कथा!

१९५१ साली २५० रुपये ही लहान रक्कम नव्हती. पण पुढील साडेचार दशकांत महागाई कितीतरी पटींनी वाढली आणि अनामत रक्कम मात्र होती तेथेच राहिली. याचा परिणाम काय होऊ शकतो हे १९९६ साली तमिळनाडूतील मोडकुरिची या मतदारसंघाने साऱ्या देशाला दाखवून दिले.

मोडकुरिची हा इरोडच्या परिसरातील शेतीप्रधान मतदारसंघ. तेथील शेतकरी संघटनेची तक्रार अशी होती की शेतकऱ्यांच्या मागण्यांकडे कोणतेच सरकार लक्ष देत नाही. मोर्चे आणि निवेदने यांचा उपयोग होत नाही असे पाहून त्यांनी एक वेगळाच मार्ग शोधला. शेकडो शेतकऱ्यांनी विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरले. माघारीची मुदत संपली तेव्हा एका जागेसाठी १,०३३ उमेदवार रिंगणात उरले होते. एवढी नावे एका कागदावर छापणे अशक्यच होते, म्हणून मतपत्रिका पुस्तिकेच्या स्वरूपात छापावी लागली आणि या एका मतदारसंघातील मतदान महिनाभर पुढे ढकलावे लागले. ती पुस्तिका हाती घेऊन आपल्या उमेदवाराचे पान शोधणारा मतदार डोळ्यांपुढे आणला म्हणजे या घटनेतील विनोद आणि संताप हे दोन्ही एकाच वेळी जाणवतात.

निकाल काय लागला? द्रविड मुन्नेत्र कळघमच्या सुब्बुलक्ष्मी जगदीशन निवडून आल्या. त्या आणि अण्णा द्रमुकचे आर. एन. किट्टुसामी यांच्याखेरीज सर्वांच्या अनामत रकमा जप्त झाल्या. ८८ उमेदवारांना एकही मत मिळाले नाही. याचा अर्थ असा की त्यांनी स्वतःचे मतही स्वतःला दिले नाही, किंवा त्यांचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नव्हते, किंवा मत देण्यात काही चूक झाली. पण येथे 'पराभव' हा शब्द वापरणे मला योग्य वाटत नाही. त्या शेतकऱ्यांना आमदार व्हावयाचे नव्हतेच. मतपत्रिका हाच त्यांचा अर्ज होता, आणि तो आयोगाला छापून काढावा लागला.

त्याच वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत आंध्र प्रदेशातील नलगोंडा येथे ४८० आणि कर्नाटकातील बेळगाव येथे ४५६ उमेदवार उभे होते. नलगोंडा भागात पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे माणसांची हाडे वाकत होती आणि शुद्ध पाण्याची मागणी वर्षानुवर्षे पडून होती. बेळगावात सीमाप्रश्नाची जुनी वेदना होती; ती मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तीन राज्ये, तीन भाषा आणि तीन निरनिराळे प्रश्न. पण उपाय एकच सुचला. कायद्याने ठेवलेल्या उघड्या दारातून एकाच वेळी इतकी माणसे आत शिरवायची की दारावरच्या रखवालदाराला मागे वळून पाहावेच लागेल.

रखवालदाराने मागे वळून पाहिले आणि दार अरुंद केले. १९९६ च्या ऑगस्टपासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने विधानसभेची अनामत २५० वरून ५,००० रुपयांवर आणि लोकसभेची ५०० वरून १०,००० रुपयांवर नेली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला पूर्वीप्रमाणे एकच सूचक पुरेसा ठेवला. अपक्षाला आणि अमान्य पक्षाच्या उमेदवाराला मात्र त्याच मतदारसंघातील दहा सूचक आवश्यक ठरले. पूर्वी सर्वांची नावे एकाच अकारविल्हे यादीत येत. आता मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष असा क्रम ठरला. माघारीचा दिवस आणि मतदान यांतील किमान अंतर २० दिवसांवरून १४ दिवसांवर आले. अपक्ष उमेदवाराचा मृत्यू झाल्यास निवडणूक थांबवण्याची तरतूदही काढून टाकण्यात आली. पुढे २०१० च्या फेब्रुवारीपासून अनामत विधानसभेसाठी १०,००० आणि लोकसभेसाठी २५,००० रुपये झाली.

परिणाम तात्काळ दिसला. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर १३,९५२ उमेदवार होते आणि त्यांत दहा हजारांहून अधिक अपक्ष होते. १९९८ मध्ये एकूण उमेदवारच ४,७५० होते आणि अपक्ष १,९१५. प्रशासनाच्या दृष्टीने हे यश होते यात शंका नाही. मतपत्रिका पुन्हा एका कागदावर मावू लागली. परंतु जे गळाले ते कोण होते, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

पैशाची गाळणी हौशी आणि गरजू यांच्यात फरक करू शकत नाही. तमिळनाडूतील मेट्टूरचे के. पद्मराजन १९८८ पासून दोनशेहून अधिक निवडणुका लढले आणि सर्व हरले. टायरदुरुस्तीचा त्यांचा व्यवसाय. २०११ साली मेट्टूर विधानसभा मतदारसंघात त्यांना ६,२७३ मते मिळाली. तीच त्यांची सर्वांत मोठी मजल. अनामत वाढली म्हणून ते थांबले नाहीत. प्रतिस्पर्ध्याशी मिळत्याजुळत्या नावाचा माणूस शोधून त्याला उभे करण्याची युक्तीही अनामतीने थांबत नाही. कारण तेथे पैसे उमेदवाराचे नसतात, दुसऱ्याचेच असतात. अशा नामसाधर्म्याने मतदाराचा गोंधळ होऊ नये म्हणून २०१५ पासून मतदान यंत्रावरील कागदावर उमेदवाराचे छायाचित्र छापले जाऊ लागले, आणि या रोगावर तोच खरा उपाय होता. दहा हजार रुपये ज्याला अडवतात तो शेतमजूर असतो. नाण्यांची पिशवी घेऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे छायाचित्र कोठल्या तरी वृत्तपत्रात दर निवडणुकीला दिसते, आणि वाचक ते पाहून हसतात. गावाने रुपया-रुपया गोळा करून पाठवलेला माणूस आणि प्रसिद्धीसाठी उभा राहिलेला माणूस त्या छायाचित्रात सारखेच दिसतात. माझ्या मते दहा सूचकांची अट अधिक न्याय्य आहे. ती उमेदवाराला खिशाबद्दल विचारत नाही, शेजाऱ्यांबद्दल विचारते. गाळणी घट्टच करावयाची तर सूचक दहाचे पन्नास करावेत आणि रक्कम मात्र कमी करावी.

अर्ज वैध ठरला तरी पुढची वाट समान नसते. मोठ्या पक्षाचे चिन्ह मतदाराच्या ओळखीचे असते. आजोबांनी त्याच चिन्हावर शिक्का मारलेला असतो. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर, मुक्त चिन्हांच्या यादीतून. मग उरलेल्या साधारण दोन आठवड्यांत लाख-दोन लाख मतदारांना आपली शिट्टी, शिलाई यंत्र किंवा नारळ ओळखावयास शिकवायचे. मतदार याद्यांच्या प्रती मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना विनामूल्य देण्याची तरतूद कायद्यात आहे. इतरांना त्या विकत घ्याव्या लागतात. खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी आहे, मोठ्या राज्यांत २०२२ पासून विधानसभेसाठी ४० लाख रुपये. पण पक्षाने पक्षासाठी केलेला सर्वसाधारण प्रचार आणि पक्षाच्या प्रमुख प्रचारकांचा प्रवास या मर्यादेत धरला जात नाही. अपक्षाचा मात्र प्रत्येक रुपया त्याच्याच खात्यावर पडतो. अर्थात, ज्याच्याजवळ ४० हजारही नाहीत त्याला ४० लाखांच्या मर्यादेचे सुखदुःख नसते. त्याची खरी अडचण मतदानाच्या दिवशी कळते. मतदारसंघात दोनशे-तीनशे मतदान केंद्रे असतात आणि प्रत्येक केंद्रावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारा एक प्रतिनिधी लागतो. एवढी माणसे ज्याच्याजवळ आहेत तो उमेदवार दुबळा नव्हेच.

दुबळा समजला गेलेला उमेदवार क्वचित निवडूनही येतो, आणि तेव्हा त्याची कथा देशभर सांगितली जाते. १९६७ साली मद्रास राज्यातील विरुधुनगर येथे के. कामराज उभे होते. गाव त्यांचे स्वतःचे. ते नऊ वर्षे मुख्यमंत्री राहिलेले आणि त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांच्याविरुद्ध द्रमुकने पी. श्रीनिवासन या विद्यार्थी-नेत्याला उभे केले. श्रीनिवासन यांना ३३,४२१ आणि कामराजांना ३२,१३६ मते पडली. फरक १,२८५ मतांचा. पंजाबात २०२२ साली भदौड मतदारसंघात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम केलेले लाभसिंग उगोके यांनी पदावर असलेले मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी यांना ३७,५५८ मतांनी हरवले.

या कथा ऐकताना एक गोष्ट विसरली जाते. श्रीनिवासन एकटे नव्हते. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाने ढवळून निघालेली एक पिढी आणि एक बांधीव पक्ष त्यांच्यामागे होता. त्या निवडणुकीत राज्यातील काँग्रेसची सत्ताच गेली. भदौडमध्येही तसेच घडले. त्या वर्षी आम आदमी पक्षाने पंजाबातील ११७ पैकी ९२ जागा जिंकल्या. उमेदवार नवखा असतो, लाट नवखी नसते. महाराष्ट्रात १९९५ साली ४५ अपक्ष निवडून आले तेव्हा त्यांच्यातील पुष्कळांच्या पाठीशी तालुक्यातील जुने गट, कारखाने आणि पक्षात तिकीट नाकारले गेल्याचा राग होता. निवडून येणारा अपक्ष बहुधा नावापुरताच अपक्ष असतो.

मग ज्याच्यामागे ना लाट, ना कारखाना, त्याचे काय होते? याचे सर्वांत कठोर उत्तर मणिपुरातील थौबाल मतदारसंघाने २०१७ साली दिले. सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा रद्द व्हावा म्हणून इरोम शर्मिला यांनी २००० च्या नोव्हेंबरात उपोषण सुरू केले आणि ते ९ ऑगस्ट २०१६ रोजी सोडले. जवळजवळ सोळा वर्षे त्यांना नाकातून नळीने अन्न दिले जात होते. उपोषण सोडताना त्यांनी सांगितले की यापुढे आपण निवडणुकीच्या मार्गाने जाऊ. त्यांनी नवा पक्ष काढला, सायकलवरून प्रचार केला आणि सुरक्षित मतदारसंघ न शोधता थेट मुख्यमंत्री ओक्राम इबोबी सिंग यांच्याविरुद्ध अर्ज भरला. इबोबी सिंग यांना १८,६४९ मते मिळाली. शर्मिला यांना ९०. 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला १४३.

या आकड्यावरून लोक कृतघ्न असतात असा निष्कर्ष काढला गेला. तो मला घाईचा वाटतो. आदर आणि मत या दोन निराळ्या वस्तू आहेत. विधानसभेच्या लहान मतदारसंघात मतदार आमदाराकडे रस्ता, शाळेतील नेमणूक, रुग्णालयातील खाट आणि पोलीस ठाण्यातील मध्यस्थी यांसाठी जातो. सोळा वर्षे बंदिस्त रुग्णालयात राहिलेल्या व्यक्तीने या कामांचे आश्वासन दिले तरी ते पुरे करण्याची यंत्रणा तिच्याजवळ नव्हती, आणि हे मतदाराला दिसत होते. पाच वर्षांची गरज आणि सोळा वर्षांचा त्याग यांचे वजन एकाच तराजूत होत नाही. तरीही एक प्रश्न उरतो. ती ९० माणसे नसती, किंवा त्यांना ते मत देण्याची सोयच नसती, तर थौबालची निवडणूक अधिक चांगली झाली असती काय?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. कायद्यानुसार माघारीनंतर एकच उमेदवार उरला तर मतदान होत नाही. त्याला तात्काळ विजयी घोषित केले जाते. २०२४ साली अरुणाचल प्रदेशात ६० पैकी १० जागांवर असेच घडले. त्या दहांत मुख्यमंत्री पेमा खांडू यांची जागाही होती. त्या दहा मतदारसंघांतील मतदारांचा विधानसभेसाठीचा मताधिकार त्या वर्षी वापरलाच गेला नाही. 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही त्यांना उपलब्ध नव्हता, कारण मतदान यंत्रच केंद्रावर गेले नाही. एखाद्या शिक्षकाने किंवा दुकानदाराने, ५० मते मिळणार हे जाणून, अर्ज भरला असता आणि तो शेवटपर्यंत मागे घेतला नसता, तर हजारो माणसे रांगेत उभी राहिली असती. पडणारा उमेदवार स्वतःसाठी फारसे काही मिळवत नाही; इतरांच्या मताला मात्र तो अस्तित्व देतो. म्हणूनच अशा उमेदवाराने अर्ज मागे घ्यावा यासाठी कधी मनधरणी, कधी पैसा, तर कधी दमदाटी वापरली जाते. ज्याची काहीच किंमत नाही त्याला विकत घेण्यास कोणी येत नाही.

विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढवण्यास मनाई करावी अशी शिफारस केली होती. बहुतेक अपक्ष हरतात, अनेक केवळ दुसऱ्याची मते खाण्यासाठी उभे केले जातात आणि जे जिंकतात ते सत्तेच्या बाजाराला बळ देतात, असे या मताच्या बाजूने म्हटले जाते. हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु मते खाण्यासाठी उभे केलेल्या माणसाला उद्या एखाद्या कागदी पक्षाचे नाव देता येईल, आणि सत्तेच्या बाजारात पक्षांचे आमदारही कमी नसतात, हे आपण पाहिलेच आहे. मनाईचा फटका बसेल तो ज्याला कोणत्याही पक्षाने दार उघडले नाही त्याला.

निकाल लागला, गुलाल उधळून झाला, मिरवणुका संपल्या तरी पडलेल्या उमेदवाराचे एक काम शिल्लक राहते. निकालाच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत त्याने आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो. पत्रके, रिक्षा, ध्वनिक्षेपक, कार्यकर्त्यांचा चहा या सर्वांच्या पावत्या जोडाव्या लागतात. योग्य कारणावाचून हिशेब दिला नाही तर निवडणूक आयोग त्याला तीन वर्षे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवू शकतो. पक्षाच्या उमेदवारासाठी हे काम लेखापाल करतो. एकटा उमेदवार पावत्यांची पिशवी घेऊन स्वतःच कचेरीत जातो. त्याचे दहा हजार रुपये तोवर सरकारजमा झालेले असतात.